लाल झालेली प्लेट: जुन्या ट्यूब अ‍ॅम्प्लिफायरच्या दुरुस्तीचा माझा अनुभव

एक ६व्ही६ पॉवर ट्यूब (स्पीकर चालवणारी), एक १२एएक्स७ (त्याआधी सिग्नल वाढवणारी ट्यूब) आणि ५वाय३ रेक्टिफायर (एसीचे डीसी करणारी ट्यूब) यांवर चालणारा जुना, छोटा गिटार अ‍ॅम्प्लिफायर माझ्याकडे आला तेव्हा तो वाजत होता. मात्र मागे सतत घरघर होती आणि दहा-पंधरा मिनिटांत आवाज फाटू लागे. खर्जातला बोजडपणा कमी करणारा एक बदल माझ्या मनात आधीपासून होता आणि त्यापासूनच सुरुवात करण्याचा मोहही होत होता. पण खोलीत अंधार करून मागून पाहिले, तर ६व्ही६ची प्लेट, म्हणजे ट्यूबमधला प्रवाह झेलणारा धातूचा पत्रा, जास्त प्रवाहाने तापून मधोमध लाल झालेली दिसली आणि मी तत्काळ स्विच बंद केला.

अशा यंत्रात ३०० व्होल्टहून अधिक डीसी असू शकते आणि प्लग काढल्यावरही ते फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसी सपाट करणाऱ्या भागात) साठून राहते. म्हणून रेझिस्टर जोडलेल्या क्लिपने ते उतरवायचे आणि मीटरने खात्री करूनच आत हात घालायचा, हा नियम मी प्रत्येक वेळी पाळला. मूळ वायर दोन पदरी होती, शिवाय मेन्सची एक बाजू कपॅसिटरमधून चासीला (धातूच्या सांगाड्याला) जोडलेली होती. तो कपॅसिटर शॉर्ट झाला तर वीज थेट गिटारच्या तारांपर्यंत येऊ शकते. जुन्या वस्तूचे मूळपण जपावे या मताचा मी आहे, पण या बाबतीत अजिबात नाही. तो कपॅसिटर काढून टाकला, तीन पदरी वायर लावली, अर्थ चासीला स्वतंत्र बोल्टने आवळली आणि फ्यूज लाइव्हवर घेतला.

घरघरीचे कारण सुकलेले फिल्टर कपॅसिटर होते. पहिल्या जागी १६ मायक्रोफॅरडऐवजी ४७चा बसवावा असे क्षणभर वाटले, परंतु मोठा कपॅसिटर भरताना ५वाय३मधून विजेचे मोठे झटके ओढले जातात आणि ती ट्यूब ते फार काळ सोसत नाही, म्हणून १६चाच ठेवला. दोष असल्यास प्रवाह मर्यादित राहावा म्हणून मेन्सच्या वाटेत एक बल्ब मालिकेत जोडून आणि स्पीकर लावलेला असल्याची खात्री करून यंत्र सुरू केले. घरघर गेली होती. बल्ब काढून यंत्र तापू दिल्यावर प्लेट मात्र पुन्हा लाल झाली. नवीन ६व्ही६ घातली, तीही लाल झाली.

मग मी शांतपणे मोजमाप घेतले. ट्यूबचा प्रवाह ज्यातून जातो त्या ४७० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर २९ व्होल्ट होते, म्हणजे सुमारे ६२ मिलिअँपिअर प्रवाह. १२ वॅटची मर्यादा असलेली प्लेट जवळपास १६ वॅट सोसत होती. ट्यूबचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या ज्या ग्रिडवर डीसी जवळजवळ शून्य असायला हवे, तिथे मीटर ११ व्होल्ट दाखवत होता. दोष ट्यूबचाच असेल का, हे पाहण्यासाठी ६व्ही६ सॉकेटमधून काढली, तरीही ग्रिडच्या पिनेवर व्होल्टेज राहिलेच. याचा अर्थ ते आधीच्या टप्प्याच्या, म्हणजे १२एएक्स७च्या प्लेटवरून, दोघांमधल्या कागदी कपलिंग कपॅसिटरमधून (सिग्नल पुढे देऊन डीसी अडवणाऱ्या भागातून) झिरपत होते. तो गरम होईल तशी गळती वाढत असल्यामुळेच आवाज काही मिनिटांनी फाटत होता. तिथे ०.०२२ मायक्रोफॅरडचा, ६३० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर सोल्डर केला. कॅथोडवर १९ व्होल्ट आले, प्रवाह ४० मिलिअँपिअरवर स्थिरावला आणि तासभर चालवूनही प्लेट काळीच राहिली. त्या तासाचा आनंद मी विसरणार नाही.

त्यानंतरच मनातला बदल केला: पहिल्या टप्प्याच्या कॅथोडवरचा २५ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर काढून ०.६८चा लावला, कारण तो खालच्या स्वरांना कमी वाढ देतो. चासीला नवे भोक पाडले नाही आणि मूळ तारांची मांडणीही हलवली नाही. आता आवाज चढवला तरी जाड तारेचे स्वर एकमेकांत मिसळत नाहीत. काढलेले सारे भाग, कोणता कुठून काढला ते चिठ्ठीवर लिहून, मी कॅबिनेटच्या आतच एका पाकिटात ठेवले आहेत.