सेंटओएस संपलं, मग सर्व्हरवर काय टाकलं

जुलै २०२४. आमच्या गावच्या वाचनालयाचा सर्व्हर मी सांभाळतो. त्यावर सेंटओएस ७ होतं, म्हणजे रेड हॅटच्या लिनक्सवर आधारलेली फुकट ऑपरेटिंग सिस्टीम. सांभाळतो म्हणजे काय, महिन्यातून एकदा लॉगिन करायचं, ‘यम अपडेट’ हा सॉफ्टवेअर ताजं करायचा आदेश द्यायचा आणि चहा टाकायला जायचं. त्या दिवशी दूध तापायच्या आत उत्तर आलं: मिररलिस्टचा (अपडेट कुठून घ्यायचे त्या यादीचा) होस्ट सापडत नाही. मला वाटलं, डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा, गंडली. नेमसर्व्हर बदलून पाहिले, रीबूट केलं, होस्टिंगवाल्यांना तिकीटही टाकलं. तासाभराने उलगडा झाला. सेंटओएस ७ ची मुदत ३० जूनला संपली होती आणि तो पत्ताच बंद केला होता.

हे होणार हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही. डिसेंबर २०२० मध्ये सेंटओएस ८ चा सपोर्ट २०२९ ऐवजी २०२१ अखेरच संपवणार अशी घोषणा झाली, तेव्हा आपण ७ वरच थांबलो म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती. त्यानंतर साडेतीन वर्षं निवांत.

सेंटओएसच्या जागी आलेल्या अल्मालिनक्सवाल्यांचा एलिव्हेट नावाचा प्रकल्प आहे, तो सेंटओएस ७ ला जागच्या जागी पुढच्या पिढीत नेतो. पण आमचा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) जुन्या ओपनव्हीझेडवरचा. तिथे कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, आपला नसतोच, यजमान मशीनचा असतो. भाड्याच्या खोलीत राहून वाड्याचा पाया कसा बदलणार? तेव्हा नवा व्हीपीएस घेतला, केव्हीएमवरचा, म्हणजे स्वतःचा कर्नल असलेला, २ जीबी रॅमचा. पैसे भरले आणि पॅनेलवर ऑपरेटिंग सिस्टीमची यादी उघडली: अल्मा, रॉकी, डेबियन, उबुंटू, फेडोरा, अल्पाइन, फ्रीबीएसडी, विंडोज सर्व्हर. गंमत म्हणजे त्यात सेंटओएस ७ अजून होतंच, आणि कुठे काही सूचना नाही. नवखा माणूस बिनधास्त तेच घेईल.

अर्धी यादी पाच मिनिटांत कटाप झाली. विंडोजला दरमहा लायसन्सचे पैसे, शिवाय २ जीबीत त्याचंच भागत नाही. फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिने चालते, म्हणजे वर्षाला एक श्राद्ध. अल्पाइन फार हलकं, पण त्यात जीलिबसी या नेहमीच्या मूळ लायब्ररीऐवजी मसल असतं. काही अडलं तर ते मला निस्तरता येणार नाही. फ्रीबीएसडीबद्दल आदर आहे, तो लांबूनच बरा.

मग मी सवयीने अल्मा ९ घेतलं. रेड हॅटच्याच घराण्यातलं, सपोर्ट २०३२ च्या मेपर्यंत, आणि फायरवॉलडीचे आदेश बोटांना पाठ. रविवारी सकाळी बसलो, दुपारपर्यंत सगळं चकाचक. वाचनालयाची जुनी साइट आणून ठेवली. पांढरं पान. आधी एसईलिनक्स या सुरक्षेच्या पहारेकऱ्यावर संशय घेतला, कारण या घराण्यात सगळी पापं त्याच्याच माथी मारायची पद्धत आहे. तो बिचारा निर्दोष निघाला. लॉगमध्ये लिहिलं होतं की ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ नावाचं, डेटाबेसला जोडणारं फंक्शनच अस्तित्वात नाही. ती साइट आमच्या भाच्याने कॉलेजात असताना पीएचपी या भाषेच्या ५.४ आवृत्तीवर लिहिलेली. पीएचपी ७ मध्ये जुनी मायएसक्यूएलची फंक्शनं काढून टाकली, आणि अल्मा ९ वर पीएचपी ८. आता यादीतलं कुठलंही ताजं नाव घेतलं असतं तरी हेच झालं असतं. मी घर कुठलं घ्यायचं याचा खल करत बसलो होतो आणि बिऱ्हाड कुणाचं हे विचारलंच नव्हतं.

भाचा आता जर्मनीत. फोनवर म्हणाला, “मामा, ते फेकून द्या. कोहा टाका.” कोहा म्हणजे न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालयाने १९९९ मध्ये करून घेतलेलं, ग्रंथालय सांभाळायचं मुक्त सॉफ्टवेअर, आपल्याकडच्याही बऱ्याच ग्रंथालयांत ते आहे. त्याची इन्स्टॉलेशनची माहिती उघडली तर पहिलाच आदेश ‘ॲप्ट’चा, म्हणजे डेबियनवर सॉफ्टवेअर टाकायच्या साधनाचा. कोहाची अधिकृत पॅकेजं डेबियन घराण्याचीच, उबुंटूही त्यातलंच. म्हणजे अख्खा रविवार पाण्यात, पण यादी आपोआप दोन नावांवर आली: डेबियन १२ की उबुंटू २४.०४.

यात मी दोन संध्याकाळी घालवल्या. पॅनेलवर रीइन्स्टॉलचं बटण असतं, दहा मिनिटांत नवी ओएस. दर वेळी लॉगिन करताना एसएसएच (सर्व्हरमध्ये दुरून शिरायचं साधन) मोठाल्या अक्षरांत ओरडायचं की समोरच्या मशीनची ओळख बदलली आहे, कोणी मधे बसलं असेल. पहिल्यांदा छातीत धस्स झालं. नंतर जुनी की पुसायचा आदेश तोंडपाठ झाला. दोन्हीकडे काहीही टाकायच्या आधी ‘फ्री’ हा रॅम दाखवणारा आदेश चालवून पाहिला. आमच्या मशीनवर रिकामं उबुंटू डेबियनच्या जवळपास दुप्पट रॅम खात होतं. आकडा किरकोळच, पण कोहाबरोबर मारियाडीबी (डेटाबेस), झेब्रा (शोधासाठी) आणि मेमकॅश्ड (कॅशसाठी) यांचीही पंगत बसणार होती. शिवाय उबुंटूवर स्नॅप ही पॅकेजांची वेगळी पद्धत आयती येते, मला ती नको होती. उबुंटूला एक गोष्ट द्यायलाच हवी: अडचण शोधली की उत्तरं त्याच्यावरचीच जास्त सापडतात. पण त्यातली बरीचशी डेबियनवर जशीच्या तशी चालतात, म्हणून डेबियन घेतलं.

खरी मेहनत त्यानंतरची. जुन्या नोंदी नव्या मारियाडीबीत ओतल्या आणि ग्रंथपालबाईंना दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसून परत पाहिलं. लेखकाच्या रकान्यात रोमन ए, त्याच्या डोक्यावर तिरकी रेघ, शेजारी चार पाय फुटलेलं गोल, पुन्हा ए, पुन्हा गोल. ओळभर तेच. “ही कोणती लिपी?” म्हणाल्या. मराठीच होती ती. जुन्या डेटाबेसला कोणी काही सांगितलं नव्हतं, म्हणून तो मूळ सेटिंगप्रमाणे देवनागरीला लॅटिन१ (पश्चिम युरोपीय अक्षरांचं कोष्टक) समजून साठवत होता आणि जुनी साइटही तशीच उलट वाचत होती. दोघांचं संगनमत, म्हणून आठ वर्षं कळलं नाही. डेबियनचं मारियाडीबी मुळातच यूटीएफ८एमबी४ (सगळ्या लिप्यांचं कोष्टक) धरून चालतं, तिथे ते उघडं पडलं. डंप, म्हणजे सगळ्या नोंदींची फाइल, काढतानाच लॅटिन१ सांगून काढला, फाइलमधली त्या नावाची ओळ खोडून यूटीएफ८एमबी४ लिहिली आणि परत भरला. ‘ज्ञानेश्वरी’ नीट उमटली तेव्हा रात्रीचा एक वाजला होता.

शेवटी सुरक्षेचे अपडेट आपोआप यायची सोय केली, २ जीबीची स्वॅप फाइल (रॅम कमी पडली तर डिस्कवरची जागा) ठेवली आणि दाखल नोंदवहीच्या मागच्या पुठ्ठ्यावर दीर्घकालीन सपोर्टची मुदत पेनने लिहिली: डेबियन १२, जून २०२८. बाईंनी ते वाचलं.

“तेव्हा परत हे सगळं?”

“नाही बाई, डेबियन जागच्या जागी पुढच्या आवृत्तीवर नेता येतं.”

“मग २०२७ लिहा,” त्या म्हणाल्या. “तुम्ही एक वर्ष उशीर करताच.”