हार्झमधले स्प्रूस लढून मेले

जर्मनीतल्या हार्झ डोंगरांत, ब्रोकेन शिखराच्या वाटेवर दोन्ही बाजूंना वठलेले, राखाडी स्प्रूस (सूचिपर्णी झाडं) उभे आहेत. २०१८ पासूनचे कोरडे उन्हाळे आणि जेमतेम अर्ध्या सेंटीमीटरचा साल पोखरणारा भुंगेरा, दोघांनी मिळून हे जंगल संपवलं. जर्मनीत राहायला आल्यापासून मी भुंगेऱ्याबद्दल पुष्कळ ऐकलंय. झाडाची बाजू मात्र फारसं कुणी सांगत नाही.

मी रंगाच्या कारखान्यात रसायनं हाताळलीत, त्यामुळे टर्पेंटाइनचा वास लांबूनही ओळखते. जिवंत स्प्रूसला जखम झाली की तसाच वास येतो, कारण अल्फा-पायनिन हे उडून जाणारं द्रव्य दोन्हीकडे असतं. किड्याने साल पोखरली की नलिकांमध्ये दाबाखाली असलेली राळ भोकात उतरते. तिचा उडून जाणारा भाग किड्याला विषारी असतो. तो उडाला की उरलेली राळ घट्ट होऊन भोक बुजवते. कधी कधी किडा आतच चिकटून मरतो. हल्ल्यानंतर झाड नव्या लाकडात राळेच्या जादा नलिकाही तयार करतं. किड्याबरोबर बुरशी शिरते, तिला रोखायला सालीत फिनॉलवर्गीय द्रव्यं असतात.

इतकी तयारी असून झाड हरतं कसं? आधी नर येतो. झाडाच्या अल्फा-पायनिनपासूनच तो सिस-व्हर्बेनॉल बनवतो आणि त्या वासावर बाकीचे भुंगेरे गोळा होतात. म्हणजे झाडाचं विषच शत्रूचं बोलावणं होतं! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. बुरशीही कमी नाही: एंडोकोनिडिओफोरा पोलोनिका ती फिनॉलवर्गीय द्रव्यं मोडून त्यांच्यावर वाढते.

तरीही धडधाकट स्प्रूस थोड्या किड्यांना परतवतो. राळ वाहायला दाब लागतो, दाबाला पाणी लागतं. दुष्काळात पानांची रंध्रं मिटतात, साखर कमी बनते, राळेला कच्चा माल उरत नाही. त्यात इथल्या खालच्या उतारांवर मुळात बीच या पानझडी झाडाची जंगलं होती. खाणींना लाकूड हवं म्हणून ती तोडून माणसांनी सलग स्प्रूस लावले. थंड, ओल्या माथ्यावरचं झाड कोरड्या उतारावर आणून रांगेत उभं केलं, म्हणून माझ्या मते पहिला दोष भुंगेऱ्याचा नाहीच.

राष्ट्रीय उद्यानात आता या खालच्या भागात बीचची रोपं लावतात. वठलेली झाडं बरीचशी तशीच ठेवलीत, आणि त्यांच्यामधून रोवन आणि बर्च आपापले उगवतायत.