बेळगुंदीची रताळी आणि पन्नास किलोमीटर

पहाटे साडेतीनला वहिनींच्या माहेरी चुलीवर रताळी शिजत होती. शर्यत बेळगाव तालुक्यातल्या बेळगुंदीच्या मैदानातून सुटणार म्हणून आम्ही आदल्या रात्रीच तिथं मुक्कामाला आलो होतो. मी, मास्तर, वहिनी म्हणजे मास्तरांच्या सौभाग्यवती, आणि बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत फौंड्रीत काम करणारा आमचा दोस्त, ज्याला सगळे सुपरवायझर म्हणतात. गेली चार वर्षं आम्ही चौघं दर रविवारी एकत्र पळतोय. डांबरावरच्या एकवीस आणि बेचाळीसच्या शर्यती झाल्या होत्या. डोंगरवाटेची पन्नास किलोमीटरची मात्र ही पहिलीच.

वहिनींच्या आईनं रताळी पातेल्यातून काढली आणि ताटात एकेक सुटं करून मांडली. मी घाईनं दोन उचलून पिशवीत टाकायला गेलो तर हात धरला. "गरम बांधू नका ओ, पाणी सुटतंय, मग वास मारतात." त्यांनी पंख्यानं वारा घालून ती निववली, सालीसकट फडक्यात बांधली आणि कागदाच्या पुडीत मीठ दिलं. वहिनींनी ते गाठोडं पाठीवरच्या पिशवीत नीट बसवलं. माझ्या पिशवीत जेलची, म्हणजे पळताना चोखायच्या घट्ट साखरेची, आठ पाकिटं होती. तीन महिने वाचून, हिशेब करून आणलेली. ठरावीक वेळानं एक असं ठरलं होतं.

बेळगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात रताळं हे हक्काचं पीक आहे. इथली लाल माती पाणी धरून ठेवत नाही, उताराच्या रानात तर नाहीच, आणि रताळ्याला तेच मानवतं. सखलात भात, माळाला रताळी. पावसाळ्यात वेलाचे तुकडे वरंब्यावर लावायचे आणि दिवाळीच्या मागेपुढे काढणीला लागायचं. डिसेंबरात या रस्त्यानं गेलात तर बांधावर पोत्यांच्या थप्प्या दिसतात. मी शहरात वाढलो. रताळं माझ्यासाठी उपासाच्या दिवशीचं होतं, त्यापलीकडे मी त्याच्याकडे कधी पाहिलं नव्हतं.

साडेपाचला शिट्टी झाली. अंधारात डोक्यावरच्या बॅटऱ्यांची रांग शेताच्या बांधावरून सरकू लागली. वाट दाखवायला झुडपांना पिवळ्या फिती बांधल्या होत्या आणि वळणावर लाल. वेळेची मर्यादा दहा तास. आमचं आपसात ठरलं होतं की महिपाळगडापर्यंत चौघं एकत्र, पुढं जो तो आपल्या पायानं.

राकसकोपच्या जलाशयापाशी उजाडलं. पाण्यावरून धुकं उठत होतं आणि थंडीनं बोटं आखडली होती. आमच्या बेळगावच्या नळाला येतं ते हेच पाणी, मार्कंडेय नदीचं. हीच नदी पुढं गोकाकजवळ घटप्रभेला मिळते. लहानपणी "राकसकोप भरलं" ही बातमी घरात सणासारखी यायची, कारण त्यानंतर पाणी रोज सुटेल अशी आशा असायची. ते भरलेलं पाणी असं पायी येऊन, पहाटे, इतक्या जवळून मी पहिल्यांदाच पाहत होतो. सुपरवायझर दोन मिनिटं थांबून नुसता बघत राहिला. घाई कुणालाच नव्हती.

तिथून तुडयेकडे वळलो की राज्य बदलतं. बदलतं म्हणजे काय, तर कागदावर. माती तीच, काजूची झाडं तीच, बांधावरून "सावकाश ओ, घसरतंय" म्हणणाऱ्या माणसाची बोलीही तीच. १९५६ साली राज्य पुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, पण त्यातला एकटा चंदगड तालुका मुंबई राज्यात राहिला आणि आज तो कोल्हापूर जिल्ह्यात आहे. म्हणजे तुडये, शिनोळी, देवरवाडी ही सगळी गावं एके काळी बेळगाव जिल्ह्यातलीच. वहिनींची थोरली आत्या शिनोळीत दिली आहे, मास्तरांचं आजोळ चंदगडकडचं. लग्नं, बाजार, जत्रा, दवाखाना, सगळं या रेषेच्या आरपार चालतं. सीमाभागात वाढलेल्या माणसाला ही रेषा विसरता येत नाही, ती शाळेच्या दाखल्यापासून बसच्या पाटीपर्यंत भेटत राहते. त्या दिवशी आम्ही ती दोनदा पायानं ओलांडली आणि दोन्ही वेळा नेमकी कुठं ओलांडली ते कळलं नाही. मला त्याचा फार आनंद झाला. अजूनही होतो.

देवरवाडीपासून खरा चढ लागतो. वर वैजनाथाचं जुनं दगडी देऊळ, शेजारी आरोग्यभवानी, आणि त्याच्याही वर महिपाळगड. चढ आला की चालायचं हा आमचा नियम आहे. डोंगरावर पळून चढणारा पुढं दहा मिनिटं कमावतो आणि उतारावर अर्धा तास घालवतो. मास्तरांची वेग मोजायची स्वतःची पद्धत आहे, ते पाढे म्हणतात. सतराचा, एकोणीसचा पाढा सलग म्हणता आला तर वेग बरोबर. एकोणतीसचा म्हणताना दम लागून मध्येच तुटला तर वेग जास्त, पावलं कमी करायची. मनगटावरचं घड्याळ हृदयाचे ठोके दाखवतं, पण मी त्याहून मास्तरांच्या पाढ्यावर विश्वास ठेवतो. त्या चढावर एकोणतीस सत्ते दोनशे तीन पर्यंत ते नीट पोचले, तिथं आवाज चिरला आणि आम्ही चौघांनी मुकाट्यानं हात मांड्यांवर ठेवून चाल धरली.

देवळापाशी घंटा वाजवून पुढं निघालो. महिपाळगडावर आजही गाव नांदतं. तटाच्या आत घरं आहेत, गोठे आहेत, परड्यात कोंबड्या आहेत. पंचवीस किलोमीटरचा टप्पा तिथंच होता. गावातल्या पोरांनी मीठ लावलेल्या काकडीच्या फोडी, गूळ-शेंगदाणे आणि लिंबाचं सरबत मांडलं होतं. एक चिमुरडी प्रत्येकाच्या छातीवरचा आकडा मोठ्यानं वाचत होती आणि तिचा भाऊ वहीत लिहीत होता. मी काकडीला हात लावला नाही. माझी पाकिटं वेळेवर चालली होती, हिशेब मोडायचा नव्हता.

उतार जांभ्याच्या सुट्या खड्यांचा होता. जांभ्याचे हे गोल खडे पायाखाली गोट्यांसारखे फिरतात. टाच टेकवून थांबायला गेलं की माणूस आडवा होतो, म्हणून गुडघे सैल ठेवून भराभर छोटी पावलं टाकावी लागतात. ते जमलं. ऊन मात्र चढलं होतं. एकतिसाव्या किलोमीटरला, सहावं पाकीट घेतल्यावर, पोटात पाणी डबडबायला लागलं. ढवळून आलं. काजूच्या एका बागेत झाडाला धरून वाकलो आणि सकाळपासूनचं सगळं बाहेर पडलं. दुसऱ्यांदाही. मग उभं राहवेना.

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा कारण समजलं. पळताना रक्त पायांच्या स्नायूंकडे जातं, पोटाकडे कमी राहतं. त्यात एकामागून एक घट्ट साखर पोटात गेली की ती तिथंच साचते. वरून मी नुसतं पाणी पीत होतो, आणि घामातून गेलेलं मीठ नुसत्या पाण्यानं भरून येत नाही. उलट रक्तातलं सोडियम आणखी पातळ होतं. तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं लागतात हा आकडा मला पाठ होता, पण ती कर्बोदकं माझं पोट कशातून घेईल याची तालीम मी कधी केली नव्हती. रविवारच्या सरावाला आम्ही पोहे खाऊन निघायचो.

ठरल्याप्रमाणे गड मागं पडला होता, तेव्हा कुणीच थांबायला बांधलेलं नव्हतं. तिघंही थांबले. सुपरवायझरला मीच हात जोडून पुढं पाठवलं, त्याच्या पिंडऱ्या आखडायला लागल्या होत्या, बसला असता तर पुन्हा उठला नसता. बागेच्या खालच्या अंगाला खळ्यावर भाताची मळणी चालली होती. तिथली एक आजी कमरेवर हात ठेवून आमच्याकडे आली.

"काय झालं गे त्याला?"

"पोटात काय टिकेना झालंय आजी," वहिनी म्हणाल्या.

आजी परत गेली आणि तांब्यात भाताची पेज घेऊन आली. कोमट, मीठ घातलेली. "घोट घोट पी बाबा, गडबड करू नको." मी अर्धा तांब्या प्यालो. वहिनींनी गाठोडं सोडलं, रताळ्याची साल काढली, सुपारीएवढा तुकडा मोडला, मिठाच्या पुडीत टेकवला आणि माझ्या हातावर ठेवला. "चावत राहा भावजी. गिळायचं आपोआप होऊ दे." आत पिवळसर पांढरं, थोडं चिकट, गार. तोंडात दोन मिनिटं फिरवलं आणि ते गेलं. दुसरा तुकडा. तिसरा. वहिनी समोर उकिडव्या बसून माझ्या चेहऱ्याकडं बघत होत्या, आई तापातल्या पोराकडं बघते तसं. आजी तोवर मास्तरांना विचारत होती, "काय मिळतंय ओ ह्यात?"

"काय न्हाई आजी. पळायला आवडतंय."

"आवडतंय मग पळा की," म्हणून ती खळ्याकडं वळली.

त्या वीस मिनिटांत मागून सात बायका पुढं गेल्या. मी मोजल्या, कारण गडावरून निघताना वहिनी बायकांत दुसऱ्या होत्या. मी जा म्हणालो, त्यांनी मान हलवली. चौथा तुकडा पोटात राहिला आणि माझ्या गालावर रंग आला असं मास्तरांनी सांगितलं, तेव्हा त्या उठल्या. दोन रताळी आणि मिठाची पुडी माझ्या खिशात घातली आणि काजूच्या सावलीतून अशा पळत गेल्या की पाहत राहावं. मास्तर म्हणाले, "तिच्या माहेरची वाट आहे. आता ती कुणाला ऐकत नाही."

पुढची एकोणीस किलोमीटर मी आणि मास्तर. शिनोळीजवळ डांबरी रस्ता ओलांडला, एकीकडून लाल एसटी आली, दुसरीकडून कर्नाटकाची बस, दोन्हींच्या खिडक्यांतून लोकांनी हात केले. मग पुन्हा रान, पुन्हा बांध, कापलेल्या भाताचे टोचणारे बुडखे. दर वीस मिनिटांनी रताळ्याचा एक तुकडा आणि मीठपाण्याचे दोन घोट. बोलणं नव्हतं. एका ओढ्यात मास्तरांनी टोपी भिजवून माझ्या डोक्यावर ठेवली. शेवटच्या आठ किलोमीटरला त्यांनी पाढे सुरू केले आणि मी त्यांच्यामागं म्हणू लागलो. एकोणतीसचा पाढा मी आयुष्यात पहिल्यांदा त्या वाटेवर पूर्ण म्हटला.

बेळगुंदीच्या मैदानात पोचलो तेव्हा नऊ तास एकेचाळीस मिनिटं झाली होती. वहिनी चौथ्या आल्या होत्या. सातांपैकी पाच जणींना त्यांनी परत गाठलं होतं. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "पोटात राहिलं ना?" सुपरवायझर पिंडऱ्यांना ओलं पोतं गुंडाळून कट्ट्यावर झोपला होता, शर्यत पुरी करून.

संध्याकाळी परसात बसलो. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं, उंबरा ओलांडताना हात धरावा लागत होता. वहिनींच्या आईनं निखाऱ्यात रताळी भाजली, राख झटकून एकेक पुढं सरकवलं. माझी उरलेली दोन पाकिटं सुपरवायझरनं उलटसुलट करून वाचली आणि परत दिली. मी आईंना विचारलं, पुढच्या वर्षी शर्यतीआधी थोडी जास्त रताळी ठेवाल का.

"ठेवीन की," त्या म्हणाल्या. "पण पाऊस लागला की वेल लावायला या चौघंजण. माणसं मिळंनात हल्ली."

मास्तरांनी तिथंच फोनच्या कॅलेंडरात जुलैचे दोन रविवार भरून टाकले.