बाईंची झाडे

डॉ. हेमा साने यांचा विषय पुण्यात निघाला की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘त्याच ना, वीज न घेता राहणाऱ्या?’ बुधवार पेठेच्या ऐन गजबजाटातल्या जुन्या घरात त्या वर्षानुवर्षे विजेवाचून राहिल्या, हे खरेच आहे, आणि २०२५ मध्ये त्या गेल्या तेव्हाही बातम्यांचे मथळे तिथेच अडले. पंख्याशिवाय उन्हाळे काढणाऱ्या माणसाचे नवल वाटावे यात गैर काही नाही. परंतु त्या नवलाच्या भरात, गरवारे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या या विदुषीची पुस्तके मागे पडली, याची मला चुटपुट लागून राहते.

मला बाईंविषयी आदर वाटतो तो आधी त्यांच्या लेखनामुळे. (पुण्यात शिकवणाऱ्या स्त्रीला बाईच म्हणायचे, आपण तिच्या वर्गात बसलेलो असो वा नसो.) दुर्गा भागवतांचे ‘ऋतुचक्र’ चैत्रापासून बारा महिने रंगगंधांच्या मागे हिंडवते, आणि ते वाचून माणूस हरखतो. बाईंच्या लेखनाने हरखण्याआधी कान टवकारले जातात, कारण त्या झाडाचे कूळ सांगतात, त्याचा इतिहास सांगतात आणि अघळपघळ कौतुकात शब्द दवडत नाहीत. ‘बुद्ध परंपरा आणि बोधिवृक्ष’ हे त्यांच्या पुस्तकाचे नावच त्यांच्या विचाराची दिशा दाखवते. बोधिवृक्ष म्हटले की आपल्यासमोर एकटा पिंपळ उभा राहतो. परंपरेत मात्र गौतमाच्या आधीच्या बुद्धांनाही स्वतःचे वृक्ष आहेत. विपस्सीला पाटला, ककुसंधाला शिरीष, कोणागमनाला उंबर, काश्यपाला वड. भारहूतच्या स्तूपावर अशी झाडे दगडात कोरलेली आहेत. धर्म, शिल्प आणि वनस्पतिशास्त्र असे एका पंक्तीला बसवायला तिन्हीकडची तयारी लागते, आणि ती आपल्याकडे फार थोड्यांची असते.

अशा वाचनाचा एक परिणाम म्हणजे हाताला स्वस्थ बसवत नाही. पदपथावर पडलेले उंबर घरी आणून सुरीने मधोमध कापले की आतल्या भिंतीला चिकटून बारीक बारीक फुले दाटीवाटीने बसलेली दिसतात, मधली जागा पोकळ असते आणि टोकाशी खवल्यांनी बुजवलेले एक इवलेसे दार असते. जेमतेम दोन मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या गोतावळ्यातली माशी या दारातून अंग खरवडून घेत आत शिरते, तिथेच अंडी घालते आणि तिथेच मरते. तिच्यावाचून उंबराचे परागीभवन होत नाही आणि उंबरावाचून तिचा वंश चालत नाही. दुर्मीळ माणसाला आपण उंबराचे फूल म्हणतो, आणि तीच फुले पावसाळ्यात शेकड्यांनी आपल्या चपलेखाली चिरडली जातात.

हे ज्ञान नुसते हौसेचे आहे, असे कोणी म्हणेल, तर ते मला पटणार नाही. राज्याच्या १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरातले झाड तोडण्यापूर्वी त्याच्यावर नोटीस लावून नागरिकांच्या हरकती मागवाव्या लागतात, आणि २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून अधिक वर्षांच्या झाडांना ‘हेरिटेज वृक्ष’ म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे. हरकत लिहायला बसले की नुसत्या कळकळीने भागत नाही. झाड कोणते, देशी की बाहेरून आणलेले, बुंध्याचा घेर किती, वय साधारण किती, फांद्यांवर घरटी कोणाची, हे सारे लिहावे लागते. करंज आणि सुबाभूळ यांतला फरक न कळणाऱ्या माणसाची हरकत, तो कितीही तळमळीचा असला तरी, अर्ध्या मिनिटात निकालात निघते. घोषणा देणारे मला नकोत असे नाही. पण घोषणा संपल्यावर ज्याला झाडाचे नाव सांगता येते, त्याच्यामागे उभे राहायला मला अधिक आवडते.

बाईंची पेठ तीच अप्पा बळवंत चौकाची, म्हणजे पुण्यातल्या पुस्तकांच्या बाजाराची. जूनच्या गर्दीत तिथे झाडांवरचे पुस्तक मागितले की काउंटरवरचा मुलगा मान वर न करता ‘कितवीचं?’ असे विचारतो. लेखिकेचे नाव कागदावर लिहून दिल्यावर त्याने शिडी लावून माळ्यावरची एक प्रत काढली आणि फडक्याने पुसून दिली. भाचीसाठी आणखी एक मिळेल का, असे मी विचारले, तर म्हणाला, ही एकच होती, बारावीचे जीवशास्त्राचे गाइड मात्र हवे तेवढे आहे.