आमचे फॅक्टोटम

आमच्या शाळेच्या मस्टरवर मामांचा हुद्दा 'शिपाई' असा होता. पूर्व भागातली तेलुगू मुलं आपसांत त्यांना 'बंट्रोतु' म्हणत, कन्नड घरातली 'जवान'. सोलापुरात एका माणसाला तीन भाषांत तीन नावं असणं यात नवल नाही. गंमत अशी, की शिपाई मुळात फारसीतला सैनिक, तेलुगूतला 'बंटु'ही सैनिक, आणि इंग्रजी 'प्यून' पोर्तुगीजांकडून आलेला, मुळात पायदळातला माणूस. म्हणजे घंटा देणाऱ्याला सगळ्यांनी फौजेतूनच उचललेलं!

आमच्या इंग्रजीच्या सरांना मात्र यातलं एकही नाव पुरत नसे. ते मामांना 'फॅक्टोटम' म्हणत. आम्हाला ती शिवीच वाटायची. मग आठवीत त्यांनी फळ्यावर फोड करून दाखवली: लॅटिनमध्ये 'फॅक' म्हणजे कर, 'टोटम' म्हणजे सगळं. तरी आमचा संशय अगदीच पोकळ नव्हता. १५९२ साली लंडनात छापलेल्या एका पुस्तिकेत एका नटाला 'योहानेस फॅक्टोटम' म्हणून हिणवलं आहे, आणि तो नट म्हणजे शेक्सपिअर असं बहुतेक अभ्यासक मानतात.

मराठीत आपला 'हरकाम्या' आहे. 'हर' फारसी, 'काम' संस्कृत 'कर्म'वरून प्राकृतातल्या 'कम्म'च्या वाटेने आलेलं, शेवटचा 'या' लाकूडतोड्यातला. शब्द झकास, पण मालकाच्या तोंडचा वाटतो. मामांना समोर हरकाम्या म्हणायची कुणाची छाती नव्हती.

पुढे मी छपाईच्या धंद्यात पडलो, तेव्हा कळलं की जुन्या युरोपीय छापखान्यांत एका नक्षीदार ठशालाही फॅक्टोटम म्हणत. मधोमध चौकोनी भोक, त्यात हवं ते अक्षर बसवायचं. कुणी सर रजेवर असले की त्या वर्गावर मामा बसत, ते लगेच आठवलं.

घंटा, नोटिशीची वही, सायक्लोस्टाइलची शाई, माठ भरणं ही कामं तेव्हा कुठल्याही शाळेत असत. मामांचं खरं काम हेडमास्तरांच्या खोलीत चाले. कुणाचे वडील मिलच्या कुठल्या भोंग्याला सुटतात हे त्यांना पाठ होतं, त्यामुळे पालकांना निरोप नेमका पोचे. वडील नाही मिळाले तर विडी कारखान्यातून आई येई, हाताला तंबाखूचा वास घेऊन. तिला मराठी जेमतेम, हेडमास्तर सरांना तेलुगू शून्य. मध्ये मामा. सर म्हणायचे, "पोरगा पार वाया गेलाय." मामा तेलुगूत सांगायचे, डोकं चांगलं आहे, संध्याकाळी जरा अभ्यासाला बसवा, मारू नका. चार शब्दांचं एवढं लांबलचक भाषांतर ऐकून सर चष्म्यावरून बघत, पण काही बोलत नसत. वर्गातल्या तेलुगू पोरांनी हे सगळं नंतर आम्हाला फोडून सांगितलं. त्यातले दोघे आज इंजिनिअर आहेत.

दहावीच्या निरोप समारंभात कुणीतरी धीर करून मामांना फॅक्टोटमचा अर्थ सांगितला.

"सगळी कामं करणारा व्हय? मग सगळ्यांचा पगार बी मलाच द्या म्हणावं की सरांना!"