शिकायला कोणता पंख? तुम्ही विचारलंत म्हणून

धोमच्या काठावर बोर्ड धूत असतो तेव्हा, वाईच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीत आणि फोनवर तर रोजच कुणीतरी विचारतं: "डाउनविंड फॉइलिंग शिकायचंय. पुढचा पंख कितीचा घेऊ?" डाउनविंड फॉइलिंग म्हणजे बोर्डखाली मास्ट नावाच्या दांड्यावर पाण्यात बुडालेला पंख असतो, वल्ह्यानं वेग घेऊन त्याच्या उचलीवर पाण्याच्या वर उठायचं आणि वाऱ्याच्याच दिशेनं लाटांवर उडत जायचं. पंखाचा आकडा म्हणजे त्याचं क्षेत्रफळ, चौरस सेंटिमीटरमध्ये. मी वजन विचारतो. उत्तर येतं, "ते राहू द्या, आकडा सांगा." आकडा सांगितला की लगेच, "एवढा मोठा? व्हिडिओत तर सगळे आठशे-नऊशेवर दिसतात!"

दिसतात. ते समुद्रावर असतात, आणि आपण जोर गावाच्या खोऱ्यातून येणाऱ्या वाऱ्यावर धोमच्या जलाशयात असतो. हा फरक सांगून सांगून माझा घसा बसला आहे, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

माझं वजन ७५ किलो. बोर्ड, मास्ट, पंख, जाकीट, भिजलेले कपडे मिळून आणखी १२. हे ८७ किलो पंखाला उचलायचे असतात, तेही लाटेच्या वेगात. खोल पाण्यात दोन लाटा किती सेकंदांच्या अंतरानं येतात ते मोजा आणि १.५६ नं गुणा. लाट सेकंदाला किती मीटर धावते ते कळतं. आषाढात कमळगडाच्या बाजूनं चांगला वारा सुटला की धोममध्ये दोन-सव्वादोन सेकंदांच्या लाटा उठतात. म्हणजे ताशी अकरा-बारा किलोमीटर. समुद्रावर पाच सेकंदांची लाट अठ्ठावीसनं धावते. अठ्ठावीसच्या लाटेवर आठशेचा पंख मजेत उडतो. अकराच्या लाटेवर तो माझं वजन उचलणारच नाही, मग तुम्ही कितीही वल्ही मारा. उचल वेगाच्या वर्गानं वाढते, क्षेत्रफळाच्या मात्र सरळ प्रमाणात. १२०० चौरस सेंटिमीटरचा पंख ज्या वेगाला उठतो, त्याच्या साधारण पाऊणपट वेगाला २००० चा उठतो. त्यात आपलं पाणी गोडं. समुद्राचं पाणी अडीच टक्के जड असतं, तेवढी उचलही तिथे फुकट मिळते.

म्हणून मी स्वतःसाठी २००० म्हणतो. घाबरट आहे म्हणून नव्हे.

२०२२ मध्ये मी हेच कुणाचं ऐकायला तयार नव्हतो. रामेश्वरमला हातात विंग, म्हणजे वारा पकडणारं छोटं शीड, धरून फॉइल करायला शिकलो होतो आणि पाण्यावर उभं राहता येतं एवढ्यानंच डोक्यात हवा गेली होती. हवाई बेटांतल्या मोलोकाई ते ओआहू, सुमारे ५२ किलोमीटरची खाडी, लोक लहान, लांबट पंखांवर पार करतात हे पाहिलं होतं. जुना ११०० चा घेतला. जून ते सप्टेंबर, अख्खा पावसाळा मी धोममध्ये गुडघे टेकून वल्ही मारत होतो. पंधरा-वीस जोरदार फटके, बोर्डचं नाक जरा उचलायचं, आणि परत बसायचं. खांदा दुखावला. एकदाही सलग दहा सेकंद उडालो नाही.

तेव्हाच्या मला आज विचारलं तर तो म्हणेल, "मोठ्यावर शिकलास तर मोठ्याचीच सवय लागते. वळायला जड, वेग वाढला की अंगावर येतो, पुढे लहानावर जाताना पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं." त्याचं हे म्हणणं मला आजही पूर्ण खोडता येत नाही. पण न उडता काय शिकणार होतास, एवढंच मी त्याला विचारतो. त्यावर तो गप्प बसतो. पटलेलं मात्र नसतं त्याला.

नुसत्या आकड्यावरही जाऊ नका. १५०० चा एक पंख टोकापासून टोकापर्यंत ८५ सेंटिमीटर असतो, दुसरा १२०. क्षेत्रफळ तेच, स्वभाव वेगळे. आखूड-रुंद पंख चुका सांभाळून घेतो, पण पंप करून, म्हणजे पायांनी खालीवर दाबत पुढे नेताना, थकवतो. लांब-अरुंद दूर नेतो, आणि वेग थोडा कमी पडला की अचानक सोडतो. शिवाय काही कंपन्या वरून दिसणारी सावली मोजतात, काही वळणासकट पूर्ण पृष्ठभाग. दोघांचे १५०० एक नसतात.

आता ज्यामुळे हे लिहायला बसलो ते सांगतो.

मागच्या वर्षीचा जुलै. भाचा सुट्टीला आला होता. वय एकोणीस, वजन ५८ किलो. विंगवर माझ्यापेक्षा सफाईदार. डाउनविंडला पहिल्यांदा उतरणार होता. मी त्याला माझा २००० चा पंख लावून दिला. वजन विचारलं नाही. जगाला विचारतो, घरच्या पोराला विचारलं नाही.

वारा सकाळपासून वाढत होता. काठावरच्या खाचरांत भातलावण चालली होती, बायकांची इरली वाऱ्यानं उलटत होती. ते पाहून तरी मी थांबायला हवं होतं. पाणी नुकतंच चढत होतं, गढूळ, चहाच्या रंगाचं. तो सहा-सात फटक्यांतच उठला. मी लाँचमध्ये होतो, आनंदानं ओरडलो. दोन मिनिटं तो सुंदर गेला. मग बंपवरून बंपवर, म्हणजे लाटेच्या एका उंचवट्यावरून दुसऱ्यावर, उतरताना वेग वाढत गेला, अकराचा बावीस झाला असेल. वेग दुप्पट की उचल चौपट. त्याचं वजन माझ्याहून सतरा किलो कमी. पुढच्या पायावर अख्खं अंग टाकूनही बोर्ड वरच चढत होतं. वाऱ्यातून त्याचा आवाज आला, "मामा, ह्यो खालीच बसंना!"

मी ओरडून सांगितलं, "पुढं वाक!" तो आणखी किती वाकणार होता?

पंखाचं एक टोक पाण्याबाहेर आलं, हवा आत शिरली, उचल एका क्षणात गेली. तो पुढे पडला, बोर्ड उलटं झालं, आणि पिंडरीला बांधलेल्या लीशनं, म्हणजे बोर्डाला जोडलेल्या दोरीनं, ते त्याच्याकडेच ओढलं. पंखाची मागची धार खुरप्यासारखी असते. ती उजव्या पिंडरीवर आडवी फिरली.

लाँचमध्ये ओढून घेतला तेव्हा तो म्हणत होता, "काय नाय मामा, खरचटलंय." मी पंचा गुंडाळला. तो लाल व्हायला वेळ लागला नाही. तळाशी साचलेल्या पावसाच्या पाण्यात रक्त उतरत होतं आणि लाँचवाले काका माझ्याकडे न बघता इंजिन रेटत होते. वाईला अकरा टाके पडले. डॉक्टर म्हणाले, बोटभर खाली लागलं असतं तर टाचेची शीर गेली असती.

बहीण रात्री आली. आरडाओरडा केला नाही. टाक्यांवरची पट्टी बघितली, माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "दादा, तुझ्या भरवशावर सोडला होता त्याला." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

गावात तेव्हापासून दोन बाजूंनी बोललं जातं. एक म्हणतात, मोठा पंख धोक्याचा, बघा काय झालं. दुसरे म्हणतात, पोरगं हलगर्जी असेल. दोन्ही चूक. पोरानं काही चुकवलं नाही. आणि त्या पंखानं मला दोन वर्षं सुरक्षित शिकवलं आहे. चुकलो मी. माझ्या वजनाचा आकडा दुसऱ्याच्या पायाखाली दिला. सामानासकट तो ७० किलो, मी ८७. तेच प्रमाण लावलं तर त्याला १६०० पुरला असता. कागदावर हे दोन ओळींचं गणित आहे, ते मी त्या सकाळी केलं नाही.

मग १६०० नं तो पडलाच नसता का? त्या वाऱ्यात, माहीत नाही. कदाचित तोही वर चढला असता, जरा उशिरा. कदाचित त्या दिवशी पाण्यात जायलाच नको होतं आणि पंखाचा प्रश्नच नव्हता. रात्री मी हे उलटसुलट करत असतो.

तरीही विचाराल तर धोमसाठी मोठाच सांगेन: माझ्या वजनाला २०००, साठच्या आतल्यांना १६०० च्या आसपास, आणि झाडांचे शेंडे वाकायला लागले की काठावर बसा. हेल्मेट आणि जाकीट घातल्याशिवाय माझ्याकडे येऊ नका. लीश कमरेला. वजन आधी सांगा, आकडा नंतर विचारा.

१६०० चा पंख मी दिवाळीत घेतला. माळ्यावर आहे, मागच्या धारेवर कापडी पिशवी चढवून. भाचा आता ६१ किलोचा झालाय आणि परवा फोनवर विचारत होता, "मामा, वारा कधी सुटतोय?" त्याच्या आईनं अजून हो म्हटलेलं नाही.