संक्रांतीचे बटवे आणि मरून दोऱ्याचा लॉट: माझा अनुभव

वाणाचे बटवे वेळेत पोचले. पण दोऱ्याच्या लॉटवरून, म्हणजे रंगवण्याच्या खेपेवरून, जो मनस्ताप झाला तो अजून डोक्यातून जात नाही, म्हणून आधी तेच लिहिते. विणकाम नंतर.

हळदीकुंकवाच्या वाणासाठी क्रोशाचे बटवे हवे होते, मरून रंगाचे, वर पांढऱ्या पाकळ्यांची कड. ऑर्डर आधी ३१ ची होती, पुढे ५१ झाली. एका बटव्याला मरून दोरा १५ ग्रॅम लागतो. ३१ बटव्यांचे ४६५ ग्रॅम, वर दहा टक्के नमुना आणि तुटफूट, म्हणजे ५० ग्रॅमच्या ११ गुंड्या, त्या एकाच लॉटच्या आणल्या. ५१ साठी हाच हिशोब १७ गुंड्यांवर जातो. आकडा वाढल्याचं कळताच दुकानात सांगून त्याच लॉटच्या उरलेल्या सहा गुंड्या बाजूला ठेवायला लावल्या आणि त्यांचे पैसेही आगाऊ दिले. प्रत्यक्ष घ्यायला गेल्यावर उत्तर मिळालं, "अक्का, त्या गेल्या. उद्या येतील की." तो उद्या काही येईना. मध्येच आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांची यात्रा लागली. नंदीध्वजांच्या मिरवणुकीला रस्ते बंद, बाजारात गड्ड्याची, म्हणजे यात्रेच्या जत्रेची, गर्दी आणि दुकानात रोज तेच उत्तर. वाण रथसप्तमीपर्यंत चालतं हे खरं, पण ज्यांच्या घरी हळदीकुंकू ठरलेलं असतं त्यांना तारीख पुढे ढकलता येत नाही. पैसे घेऊन ठेवलेला माल दुसऱ्याला विकणं ही फसवणूक आहे. तेव्हाही तोंडावर हेच बोलले, आजही तेच म्हणेन.

शेवटी गुंड्या आल्या. पट्टीवर शेड नंबर तोच होता, लॉट नंबर वेगळा. दुकानदाराचं म्हणणं, "रंग सेमच आहे." तो सेम नव्हता. नवा दोरा जरा काळपट, तपकिरीकडे झुकलेला होता.

इथे अनेकजणी फसतात, म्हणून नीट सांगते. गुंडीच्या कागदी पट्टीवर दोन आकडे असतात. शेड नंबर म्हणजे कंपनीच्या रंगपत्रकातला रंग, लॉट नंबर म्हणजे तो दोरा कोणत्या खेपेला रंगवला ते. सूत रंगवताना रंगाचं वजन, पाण्याचं प्रमाण, पाण्याचा जडपणा, उष्णता आणि वेळ यांत थोडा जरी फरक पडला तरी छटा बदलते. गडद रंगांत तो फरक जास्त जाणवतो. मरून, बाटली हिरवा आणि नेव्ही ब्लू हे तीन रंग घेताना तर लॉट पाहिल्याशिवाय पैसे काढायचेच नाहीत. चादरी आणि टॉवेलांच्या आपल्या गावात हे वेगळं सांगायला नको. मागावर काम केलेल्या कुणालाही विचारा, एका चादरीत दोन खेपांचं सूत गेलं की पट्टा उठतो.

रंग जुळतो का ते दुकानातल्या ट्यूबलाइटखाली कळत नाही. दोन्ही गुंड्यांचा हातभर दोरा बोटांभोवती शेजारी शेजारी गुंडाळायचा आणि दुकानाबाहेर उजेडात बघायचा, पण थेट उन्हात नको, सावलीत. व्हॉट्सॲपवर फोटो मागवून लॉट जुळवू नका. मोबाइलचा कॅमेरा उजेडाप्रमाणे रंग आपोआप बदलतो, त्यामुळे एकाच गुंडीचे दोन फोटोही वेगळे दिसतात. दोरा गुंडाळून जुळला तरी एक छोटा तुकडा विणूनच बघायचा, कारण विणीतल्या सावल्यांमुळे रंग आणखी गडद दिसतो.

आता सुटका कशी झाली ते. दोन्ही लॉट धुवून बघितले आणि फरक निम्म्याहून कमी झाला. नव्या दोऱ्याचा काळपटपणा बराचसा सुटा, न बसलेला रंग होता. सुती दोऱ्याला बहुधा रिॲक्टिव्ह रंग देतात. तो धाग्याशी पक्का जोडला जातो, पण जोडला न गेलेला भाग रंगवल्यानंतर उकळत्या साबणाच्या पाण्यात काढून टाकावा लागतो. ते काम घाईत झालं की दोरा गडद दिसतो आणि पुढे सुटतो. म्हणून कोरे लॉट जुळत नाहीत असं दिसलं तर लगेच परत करू नका, आधी दोन्ही धुवून तुलना करा.

धुण्याची रीत अशी. गुंडी तशीच बुडवायची नाही, आतपर्यंत पाणी जात नाही. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करायची आणि चार ठिकाणी पांढऱ्या दोऱ्याने सैल बांधायची. घट्ट बांधलं तर गाठीखाली पाणी पोचत नाही आणि फिके-गडद डाग राहतात. स्टीलच्या मोठ्या पातेल्यात उकळीच्या जवळचं पाणी, त्यात चमचाभर साधी धुण्याची पावडर. लडी त्यात वीस मिनिटं, ढवळायचं नाही, फक्त वरखाली करायची. पाणी बदलून पुन्हा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत हे करायचं, मग साध्या पाण्यातून काढून सावलीत दांडीवर वाळत टाकायचं. याला पाणी बरंच लागतं आणि आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून हे काम पाण्याच्या दिवशीच काढा. खंगाळलेलं पाणी फरशीला वापरता येतं, पण पहिलं लाल पाणी मोरीतच ओता.

मीठ आणि व्हिनेगर टाका असा सल्ला हमखास मिळतो. सुताच्या बाबतीत तो कामाचा नाही. व्हिनेगरचा उपयोग लोकर आणि रेशमाच्या आम्लरंगांना होतो. मीठ रंगवतानाच्या पाण्यात लागतं. रंग देऊन झालेल्या सुताला त्याने पक्केपणा येत नाही. सुटा रंग काढून टाकणं हाच उपाय.

पांढरी कड असेल तर ही धुलाई टाळताच येणार नाही. खात्री करायला विणलेला मरून तुकडा ओला करून पांढऱ्या सुती फडक्यात ठेवा आणि वरून गरम इस्त्री दाबा. फडक्यावर गुलाबी डाग आला तर अजून धुवायचंय. हा डाग पाकळ्यांवर पडला की तो बटवा वाण म्हणून देता येत नाही.

धुवूनही थोडा फरक राहिला, त्यासाठी दोन नियम ठेवले. एक बटवा एकाच लॉटचा. वाण एका घरी एकच जातं, त्यामुळे दोन बटव्यांतला बारीक फरक कुणाला दिसत नाही, पण एकाच बटव्यात मधोमध रंग बदललेला लगेच दिसतो. जुन्या ११ गुंड्यांत ३६ बटवे झाले, उरलेले नव्या लॉटचे. दुसरा नियम अर्ध्यावर दोरा संपलेल्या बटव्यासाठी: एकदम नवा दोरा लावायचा नाही. दोन्ही दोरे चालू ठेवून एक फेरा जुन्याचा, एक नव्याचा असे सहा ते आठ फेरे घालायचे, मग जुना सोडायचा. नजरेला सीमा सापडत नाही. एवढंही जमणार नसेल तर जोडावर जरीचा एक फेरा घाला, तो नक्षीचाच भाग वाटतो. आणि देताना नव्या लॉटचे बटवे एका बाजूला ठेवू नका. परातीत सगळे मिसळून रचा.

बटव्याची वीण तशी सोपी आहे. दोरा ८/४ (८ नंबरी सुताचे ४ पदर) सुती, ५० ग्रॅममध्ये साधारण १७० मीटर येणारा, सुई २.५ मिमी. मॅजिक रिंगमध्ये (ओढून बंद होणाऱ्या सुरुवातीच्या फासात) ६ सिंगल क्रोशे, मग प्रत्येक फेऱ्यात सहा वाढवत दहाव्या फेऱ्याला ६०. वाढ दर फेऱ्यात त्याच जागी आली की तळ षट्कोनी होतो, म्हणून एकाआड एक फेऱ्यात वाढीची जागा दोन-तीन टाके सरकवायची. पुढे न वाढवता २४ फेरे, उंची ९ सेंटीमीटरच्या आसपास येते. मग नाडीचा फेरा: एक खांब (डबल क्रोशे), एक साखळी, एक टाका सोडून पुढचा खांब, ३० भोकं होतात. त्यावर सिंगल क्रोशाचे दोन फेरे. कडेला पांढऱ्याने एक सिंगल क्रोशे, दोन टाके सोडून एकाच टाक्यात ५ खांब, पुन्हा दोन सोडून सिंगल क्रोशे. एका पाकळीला सहा टाके लागतात, म्हणून ६० वर बरोबर दहा पाकळ्या बसतात. टाक्यांची संख्या बदलायची असेल तर सहाच्या पटीतच ठेवा.

नाड्या दोन, समोरासमोरच्या बाजूंनी घातलेल्या, प्रत्येकी ४० सेंटीमीटर. एकाच नाडीने तोंड एका बाजूला ओढलं जातं. साखळीची नाडी ताणून लांब होते, म्हणून पिळाची करा: पांढऱ्या दोऱ्याचे दोन पदर सव्वा मीटरचे घ्या, घट्ट पीळ द्या, मधोमध दुमडून सोडा, मग टोकांना गाठ.

राहिलंच, काळ्या रंगाबद्दल. संक्रांत म्हणून काळे बटवे मागतात. संध्याकाळच्या दिव्यात काळ्या दोऱ्याचे टाके मोजता येत नाहीत. एवढ्या संख्येला ते घेऊ नका. घेतलेच तर दिवसा विणा आणि मांडीवर पांढरा टॉवेल अंथरा.

शहराच्या पूर्व भागातलं मागावरचं उरलेलं सूत किलोवर स्वस्त मिळतं, त्याबद्दलही विचारतात. ताण्याच्या सुताला खळ दिलेली असते, ती गरम पाण्यात काढावी लागते. शिवाय ते बारीक असतं, चार-सहा पदर एकत्र घ्यावे लागतात. पदरांना एकत्र पीळ नसल्याने सुईत एखादा सुटतो आणि पाकळी खरखरीत दिसते. पिशवीच्या बंदाला चालेल, वाणाच्या बटव्याला नाही. तयार दोऱ्याचा पीळही उजव्या हाताने विणताना हळूहळू सैल होतो. तसं दिसलं की सुई टाक्यात अडकवून बटवा हवेत सोडा आणि फिरू द्या.

दुकानात माल राखून ठेवायला सांगाल तेव्हा पावतीवर शेड नंबराबरोबर लॉट नंबरही लिहून घ्या आणि खाली सही. नुसत्या शेड नंबराच्या पावतीवर माझ्याशी "तोच रंग दिलाय की" असा वाद घातला गेला. जमलं तर राखून ठेवायला सांगूच नका, त्याच दिवशी उचलून आणा. न उघडलेल्या, पट्टी शाबूत असलेल्या गुंड्या बरीच दुकानं परत घेतात. ते मात्र पैसे देण्याआधी विचारून ठेवा.